टेबल नसलेल्या प्राध्यापकांचे प्रशिक्षण

आमच्या महाविद्यालयात गणित आणि संख्याशास्त्राचे निम्म्याहून अधिक वर्ग जे लोक घेतात, त्यांना तिथे बसायला स्वतःचे टेबल नाही. मी त्यांच्यापैकी एक आहे. कॅलिफोर्नियातल्या दोन कम्युनिटी कॉलेजांत मी संख्याशास्त्र शिकवते. एकीकडचा वर्ग साडेदहाला सुटतो, दुसरीकडचा एकला भरतो आणि मधल्या वेळात तपासायच्या उत्तरपत्रिका, मार्करचा डबा, जेवणाचा डबा आणि मी असे सगळे फ्रीवेवर असतो. आमच्यासारख्यांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रकार फार समजावून सांगण्याची गरज नाही. ‘तासिका तत्त्व’ हे दोन शब्द पुरेत.

दर ऑगस्टमध्ये, सत्र सुरू होण्याच्या आधी, महाविद्यालयात शिक्षक-प्रशिक्षणाचा दिवस असतो. गेली काही वर्षे त्या दिवसाचा मुख्य विषय एकच आहे: गरीब घरांतले, स्थलांतरित कुटुंबांतले, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी वर्गात मागे का पडतात आणि त्यांना इतरांच्या बरोबरीने शिकता यावे म्हणून शिक्षकाने काय करावे. विषय महत्त्वाचा आहे आणि बोलायला येणारी माणसेही बहुतेक वेळा मनापासून बोलतात. पण सभागृहात नजर फिरवली की दिसतात ते पूर्णवेळ प्राध्यापक. ज्यांच्या वर्गांत हे विद्यार्थी मोठ्या संख्येने बसतात ते अर्धवेळ शिक्षक त्या दिवशी तिथे अभावानेच असतात. कुणाला त्या दिवसाचे मानधन मिळत नाही, कुणाला दोन तासांपुरतेच मिळते, आणि कुणाचा दुसऱ्या महाविद्यालयातला प्रशिक्षणाचा दिवसही नेमका तोच असतो. विद्यार्थ्यांच्या समान संधीबद्दल बोलताना शिक्षकाच्या दृष्टिकोनाची चर्चा आपण पुष्कळ करतो. त्याच्या वेळेची करत नाही. माझ्या मते आधी ती करायला हवी.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे या नावाने चालणाऱ्या कौशल्य-अभ्यासक्रमांशी त्याचा संबंध जेमतेम आहे. इलिनॉयमधले जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली निघाले; ते या प्रकारचे सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. दोन वर्षांची पदवी, व्यवसायाची प्रमाणपत्रे आणि पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठीची पहिली दोन वर्षे एवढे तिथे शिकवले जाते, शुल्क कमी असते आणि प्रवेशाला गुणांची अट नसते. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्याने या महाविद्यालयांचे दार सर्वांसाठी उघडे ठेवले, आणि आज राज्यात अशी ११६ महाविद्यालये आहेत. माझ्या वर्गात अठरा वर्षांचा मुलगा बसतो, त्याच्या शेजारी गोदामात रात्रपाळी करून आलेली दोन मुलांची आई बसते आणि मागच्या बाकावर सैन्यातून परतलेला चाळिशीचा माणूस. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेले पहिलेच, असे त्यांच्यात अनेक.

अशा वर्गाला शिकवणे विद्यापीठातल्या निवडक विद्यार्थ्यांना शिकवण्यापेक्षा अवघड असते. तरीही इथे शिकवण्यासाठी कायद्याने लागते ती त्या विषयातली पदव्युत्तर पदवी. शिकवायचे कसे हे शिकलेले असण्याची अट नाही. माझ्याजवळ पदवी होती. पहिल्या दिवशी मला पाठ्यपुस्तक, हजेरीची यादी आणि फोटोकॉपी यंत्राचा कोड मिळाला. वर्ग कसा चालवावा, प्रश्न कसा बांधावा, पहिल्या चाचणीत नापास झालेला विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात गायब होतो तेव्हा काय करावे, याबद्दल कोणी काही बोलले नाही. कोणी वाईट वागले असे नव्हे. ते बोलणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

देशभरातल्या सार्वजनिक दोन-वर्षीय महाविद्यालयांत शिक्षकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अर्धवेळ आहेत. कॅलिफोर्नियात एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एक किंवा अनेक महाविद्यालये चालवणाऱ्या एका स्थानिक प्रशासनाखाली, अर्धवेळ शिक्षकाला पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांहून अधिक काम देता येत नाही, कारण दिले तर तो कायम होण्याच्या वाटेवर येतो. नियमाचा मूळ हेतू कायम पदे टिकावीत असा होता. प्रत्यक्षात त्याच शिक्षकाला पोट भरण्यासाठी दुसऱ्या, तिसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये गाडी हाकावी लागते. १९८८ च्या सुधारणा कायद्याने शिकवण्याचे ७५ टक्के तास पूर्णवेळ प्राध्यापकांकडे असावेत असे उद्दिष्ट ठेवले होते. राज्यपातळीवर ते आजवर गाठलेले नाही, आणि ते गाठले जाईपर्यंत थांबायचे ठरवले तर विद्यार्थ्यांच्या आणखी दोन पिढ्या निघून जातील.

शिक्षकाच्या वेळेचा हा प्रश्न २०१७ नंतर अधिक तातडीचा झाला. त्याआधी नव्या विद्यार्थ्याला संगणकावर एक चाचणी द्यावी लागे आणि तिच्या गुणांवरून त्याला पायाभूत गणिताच्या एका, दोन, कधी तीन पायऱ्या खाली बसवले जाई. या वर्गांचे क्रेडिट पदवीला धरले जात नसे. पैसे आणि सत्रे मात्र खर्च होत. त्या पायऱ्या चढता चढता बहुतेक जण गळत, आणि गळणाऱ्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थ्यांचे प्रमाण जास्त असे. मुळात त्या चाचण्यांनाच विद्यार्थ्याची तयारी नीट मोजता येत नव्हती. ‘कंपास’ ही त्यातली एक प्रमुख चाचणी तर ती चालवणाऱ्या ‘एसीटी’ या संस्थेनेच २०१५ मध्ये मागे घेण्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘एबी ७०५’ या कायद्यावर सही झाली. शालेय गुण पाहा आणि विद्यार्थ्याला विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या गणित व इंग्रजीच्या वर्गात एका वर्षात पार पडता येईल अशा रीतीने बसवा, असे त्याने महाविद्यालयांना बजावले. २०१९ च्या शरद सत्रापासून तो पूर्णपणे लागू झाला आणि २०२२ च्या ‘एबी १७०५’ ने तो आणखी घट्ट केला.

मी या कायद्याच्या बाजूने आहे, आणि हे आमच्या विभागात सर्वांना आवडत नाही हेही मला ठाऊक आहे. त्याच्यामुळे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक विद्यार्थी पहिल्याच वर्षी खरा संख्याशास्त्राचा वर्ग पार करतात. पण वर्गात पोचण्यातला भेद जवळजवळ मिटला, तसा वर्गातून उत्तीर्ण होऊन बाहेर पडण्यातला भेद मिटला नाही. कायद्याने दार रुंद केले, खोलीतले काम शिक्षकावर सोडले आणि शिक्षकाच्या करारात त्या कामासाठी एक तासही वाढवला नाही.

यावर स्टाफरूममध्ये हमखास येणारे उत्तर असे, की मुले शाळेतूनच कच्ची येतात, घरी वातावरण नसते, त्यांना ओढ नसते; शिक्षक काय करणार? या उत्तराची परीक्षा फार पूर्वी झालेली आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात उरी ट्रीझमन या तरुण गणितज्ञाने कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रश्न हाती घेतला. कारणे विचारली तेव्हा प्राध्यापकांनी हीच यादी दिली: ओढ, तयारी, घर, उत्पन्न. मग ट्रीझमन विद्यार्थ्यांच्या मागे मागे हिंडला. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी अभ्यास कसा करतात, हे त्याने महिनोन्महिने पाहिले. दिसले ते वेगळेच. कृष्णवर्णीय विद्यार्थी सांगितलेला गृहपाठ प्रामाणिकपणे, एकेकटे बसून करत होते. शाळेत एकट्यानेच अभ्यास करून ते इथवर आले होते. चिनी विद्यार्थी एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत आणि जिथे चार जणही अडले तिथे प्रश्नच अवघड आहे हे ओळखून पुढे सरकत. एकट्या बसलेल्याला मात्र आपणच मठ्ठ आहोत असे वाटे. ट्रीझमनने मागे पडलेल्यांसाठी शिकवणी काढली नाही; अवघड प्रश्नांवर एकत्र बसून काम करण्याचे वर्ग काढले, आणि त्यांतल्या विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले.

या कामातून विद्यार्थ्यांबद्दल जे कळले ते सगळे सांगतात. मला त्यातली शिक्षकांबद्दलची गोष्ट अधिक मोलाची वाटते. बर्कलीचे प्राध्यापक अज्ञानी नव्हते, बहुतेक दुष्टही नव्हते. आपले विद्यार्थी संध्याकाळी कुठे आणि कसे बसतात हे त्यांनी पाहिलेले नव्हते, एवढेच. पाहायला वेळ लागतो. ट्रीझमनकडे तो होता.

आमच्याकडे तो एकदाच, दोन सत्रांपुरता आला. कुठल्याशा निधीतून आम्हा पाच जणांना पंधरवड्यातून एकदा दोन तास एकत्र बसण्याचे पैसे मिळाले. आम्ही तिघे अर्धवेळ, दोघे पूर्णवेळ. भाषण नव्हते, स्लाइड नव्हत्या. संख्याशास्त्राच्या एकाच चाचणीच्या २८ उत्तरपत्रिका, नावांवर कागद चिकटवलेल्या, टेबलावर पसरल्या होत्या. एका प्रश्नात गुण फार कमी पडले होते: पत्त्यांच्या कॅटमधून एकामागून एक दोन पाने काढली, पहिले परत ठेवले नाही, तर दोन्ही चित्रांची पाने असण्याची संभाव्यता किती? उत्तर सोपे आहे. चित्रांची पाने १२. म्हणून ५२ पैकी १२ आणि मग ५१ पैकी ११, यांचा गुणाकार. एकाने एक्केही चित्रांत धरून १६ आणि १५ घेतले होते. एकाने जोकर मोजून कॅट ५४ पानांचा केला होता. एका उत्तरपत्रिकेत या प्रश्नाखाली काहीच लिहिलेले नव्हते.

कोऱ्या सोडलेल्या त्या प्रश्नाखालचा पुढचा प्रश्न आमच्यातल्या एकाने मोठ्याने वाचला. खोक्यात ४० सुटे भाग आहेत, ६ सदोष, दोन उचलले, दोन्ही सदोष असण्याची संभाव्यता किती? रीत तंतोतंत तीच, आणि त्याच विद्यार्थ्याने तो अचूक सोडवला होता. सोळा-पंधरावाल्यानेही. दुसरे पान काढताना एक कमी होते, हे त्यांना पक्के कळलेले होते. त्यांना माहीत नव्हते ते पत्ते. नंतर वर्गात सहज विचारले तेव्हा कळले, की कुणाच्या घरी धर्मामुळे पत्त्यांना मज्जाव, कुणाच्या देशातला कॅटच निराळा, आणि काहींनी पत्ते फक्त फोनवर पाहिलेले. मी स्वतः दिवाळीच्या सुट्टीत आजोळी किलवर-इस्पिक-बदाम-चौकट यांच्यावर वाढले. त्यामुळे हा प्रश्न कुणाला अडेल हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सहकारी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हा प्रश्न मी २० वर्षं विचारतोय.”

त्या खोलीत कोणाच्या मनात कोणाबद्दल आकस नव्हता. आकस ओळखा, पूर्वग्रह तपासा, असे सांगणाऱ्या एखाद्या कार्यशाळेला हा प्रश्न सापडला नसता, कारण तो मनात दडलेला नव्हता. प्रश्नपत्रिकेत उघड छापलेला होता. तो सापडायला पाच शिक्षक, २८ उत्तरपत्रिका आणि दोन तास लागले. निधी संपला तशा आमच्या बैठका थांबल्या. तीन जण आता तीन वेगळ्या वेळांना गाडीत असतात.

असे काम इतरत्र झालेलेच नाही असे नाही. टेक्सासमधल्या ओडेसा कॉलेजने वर्ग अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण कमी करण्यासाठी सगळ्या शिक्षकांकडून चार साध्या गोष्टी करून घेतल्या: नावे लवकर पाठ करणे, प्रत्येकाशी सुरुवातीलाच एकेकट्याने बोलणे, प्रगतीवर बारीक लक्ष ठेवणे आणि नियम स्पष्ट ठेवून अडचणीत थोडी सवलत देणे. गळती चांगलीच घटली. फ्लोरिडातले व्हॅलेन्सिया कॉलेज, ज्याला उत्कृष्ट कम्युनिटी कॉलेजसाठीचे २०११ चे पहिले अ‍ॅस्पेन पारितोषिक मिळाले, तिथे अर्धवेळ शिक्षकाने ६० तासांचे प्रशिक्षण पूर्ण केले की त्याचा दर वाढतो. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षणाची गोडी वेतनपत्रकात दिसली पाहिजे. आपल्याकडेही प्राध्यापकांच्या रिफ्रेशर कोर्सला गर्दी होते ती पदोन्नतीमुळे, हे कुणापासून लपलेले आहे? फरक इतकाच, की आपल्या रिफ्रेशरमध्ये १४ दिवस हजेरी लावली की काम भागते आणि वर्गात पुढे काय बदलले हे कोणी विचारत नाही. पैसे द्यायचेच तर स्वतःच्या वर्गाच्या उत्तरपत्रिकांवर झालेल्या कामाचे द्यावेत.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा, की विद्यार्थ्याला अडवते ती वर्गाबाहेरची परिस्थिती: भाडे, बस, नोकरीची पाळी, आजारी मूल. तिथे शिक्षकाच्या दोन तासांनी काय होणार? न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा २००७ पासून चाललेला ‘असॅप’ हा उपक्रम या आक्षेपाच्या बाजूने उभा राहतो. प्रवासाचा पास, पाठ्यपुस्तकांना मदत, सतत भेटणारा सल्लागार आणि पूर्णवेळ शिकण्याची अट एवढ्यावर तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले, आणि हे चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेतून सिद्ध झाले आहे. वर्गातली शिकवण्याची रीत त्यात फारशी बदललेली नव्हती. हे मला मान्य आहे. पण तेवढी मदत मिळूनही दहापैकी सहा जण तीन वर्षांत पदवीपर्यंत पोचले नाहीत. बसचा पास विद्यार्थ्याला वर्गाच्या दारापर्यंत आणतो. पत्त्यांचा प्रश्न दाराच्या आत असतो.

दुसरा आक्षेप दर्जाचा. पत्ते काढून टाकले, उद्या लॉगॅरिदम काढून टाकाल, असे एक सहकारी मला म्हणाले. संभाव्यतेचा तो प्रश्न आम्ही सोपा केला नाही. पानांऐवजी खोक्यातले भाग घेतले. आणि तीन उचलले तर किमान एक सदोष असण्याची संभाव्यता विचारली, जी मूळ प्रश्नापेक्षा अवघड आहे. पत्ते ठेवायचेच असतील तर कॅटमध्ये काय काय असते हे वर लिहिले तरी पुरते. आपण काय तपासतो आहोत हे शिक्षकाला नेमके कळले की दर्जा वाढवणे त्याच्या हातात येते.

या सगळ्यात राज्याने एक सोपा मार्ग धरला आणि तो मला पटत नाही. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार शिक्षकांच्या मूल्यमापनात विविधता व समावेशकतेबद्दलची क्षमता धरली जाते. काही प्राध्यापक न्यायालयात गेले. त्यांच्या राजकारणाशी मी सहमत नाही, पण शिक्षकाने मूल्यमापनाच्या अर्जावर योग्य शब्द लिहिले म्हणून त्याच्या वर्गातल्या मुलीला प्रश्न कळेल असे मलाही वाटत नाही. शिवाय शब्दांवर उभे केलेले काम शब्दांबरोबर पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने किमान २५ टक्के हिस्पॅनिक (लॅटिनो) विद्यार्थी असलेल्या संस्थांसाठीची स्पर्धात्मक अनुदाने थांबवल्याचे जाहीर केले. कॅलिफोर्नियातली बहुसंख्य कम्युनिटी कॉलेजे या वर्गात येतात, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे अनेक उपक्रम अशा अनुदानांवर चालत आले आहेत. करारात लिहिलेला तास मात्र वॉशिंग्टनमधल्या एका पत्राने रद्द होत नाही. तो डिस्ट्रिक्ट आणि शिक्षक संघटना यांच्यात ठरलेला असतो.

म्हणून मागणी तिथेच करायला हवी, आणि संघटनांनीही ती दराच्या मागणीखाली दडपू नये. अर्धवेळ शिक्षकाच्या नेमणूकपत्रात शिकवण्याच्या तासांबरोबर, एकच विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांचे काम पाहण्याचे आठवड्याला दोन तास लिहिले जावेत. त्याचे पैसे मिळावेत, आणि शक्य असेल तर ते दोन तास दोन महाविद्यालयांनी मिळून वाटून घ्यावेत, कारण माझे विद्यार्थी दोन्हीकडे सारखेच आहेत. पैसा नाही असे उत्तर येईल. २०२२ च्या अर्थसंकल्पात याच राज्याने अर्धवेळ शिक्षकांच्या आरोग्यविम्यासाठी २० कोटी डॉलरची तरतूद केली, तेव्हा इच्छा असली की तजवीज होते हे आम्ही पाहिले आहे. २०१८ पासून महाविद्यालयांच्या निधीचा काही भाग विद्यार्थ्यांच्या यशाशी जोडलेला आहे. म्हणजे नापास झालेला विद्यार्थी महाविद्यालयालाही महाग पडतो.

हिशेब समजण्यासाठी दर तासाला ६० डॉलर धरू. आठवड्याला दोन तास, १६ आठवडे: एका शिक्षिकेचे १,९२० डॉलर. तिच्या एका वर्गात ३५ विद्यार्थी असले तर माणशी ५५ डॉलर पडतात, आणि तिच्याकडे दोन वर्ग असले तर त्याच्या निम्मे. वर्गात लागणारा ग्राफिंग कॅल्क्युलेटर नवा घ्यायचा तर विद्यार्थ्याला याहून बरेच अधिक मोजावे लागतात, आणि तो यादीत ‘आवश्यक’ म्हणून छापलेला असतो.